जिल्हा बदलला की तालुका पुसा: रिअ‍ॅक्टमधला ड्रॉपडाउन हाताळताना

आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात जे फॉर्म बनतात त्यातले निम्म्याहून जास्त शेतकरी नोंदणीचे नाहीतर डीलर नोंदणीचे. प्रत्येकात जिल्हा, तालुका, गाव ही तीन ड्रॉपडाउनची उतरंड असतेच. उतरंडीतलं खालचं मडकं हललं की वरची दोन जागेवर राहत नाहीत, आणि सगळा खेळ तेवढ्याचाच आहे. नवीन मुलं कामाला लागली की पहिल्या आठवड्यात मी त्यांना हाच फॉर्म देते. एक ड्रॉपडाउन सगळ्यांनाच जमतो. एकावर दुसरा अवलंबून असला की मात्र घोडं पेंड खातं.

इथे रिअ‍ॅक्ट (वेब पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) धरून लिहिते आहे, कारण रोजचं काम त्यातच चालतं. पण ब्राउझरचं वागणं सगळीकडे सारखंच, त्यामुळे व्ह्यू किंवा अँग्युलरवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. कोडच्या ओळी मुद्दाम देवनागरीत ठेवल्या आहेत. जावास्क्रिप्टला व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे खालची ओळ त्या नावांची फंक्शन्स केलीत तर खरोखर चालते.

आधी व्हॅल्यू काय ठेवायची ते ठरवा

ऑप्शनला दोन गोष्टी असतात: दिसणारं नाव आणि आतली व्हॅल्यू. घाईत बरेच जण दोन्हीकडे नावच टाकतात. महाराष्ट्रात असं करून चालत नाही. कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही. खेड पुण्यात आणि रत्नागिरीत. मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशिममध्ये. आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात. डेटाबेसमध्ये नुसतं 'कर्जत' जाऊन पडलं की ते कुठलं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. शिवाय नावं बदलतात. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. व्हॅल्यूमध्ये कोड असेल तर एका ठिकाणी लेबल बदललं की काम संपतं. नाव असेल तर जुने रेकॉर्ड एकीकडे आणि नवीन यादी दुसरीकडे.

तेव्हा व्हॅल्यू म्हणजे कोड, आणि स्टेटमध्येही (फॉर्ममध्ये आत्ता काय भरलंय ते जिथे साठवतो तिथे) फक्त कोडच. नाव हवं असेल तेव्हा यादीतून शोधून काढा. कोड आणि नाव दोन्ही स्टेटमध्ये ठेवलं की कधीतरी एक बदलतं आणि दुसरं तसंच राहतं.

इथेच आणखी एक. ड्रॉपडाउनमधून येणारी व्हॅल्यू कायम स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असते, तुम्ही ऑप्शनला आकडा दिला असला तरी. सर्व्हरकडून जिल्ह्याचा कोड २७ हा आकडा म्हणून आला आणि ड्रॉपडाउनमधून '२७' ही स्ट्रिंग आली, तर तीन बरोबरच्या चिन्हांची तुलना खोटी ठरते आणि तालुक्यांची यादी रिकामी दिसते. मग कुणीतरी व्हॅल्यू 'नंबर' फंक्शनमधून काढतं. तसं करू नका. जम्मू-काश्मीरचा जीएसटी कोड ०१ आहे, त्याचा १ होतो. आणि 'जिल्हा निवडा' या पर्यायाची रिकामी स्ट्रिंग नंबरमधून काढली की शून्य मिळतो. काही निवडलेलंच नसताना सर्व्हरला जिल्हा क्रमांक ० जातो. कोड हा दिसायला आकडा असला तरी त्याची बेरीज आपण कधी करत नाही. तो स्ट्रिंगच राहू द्या, सर्व्हरकडून येणाराही आल्याबरोबर स्ट्रिंग करून घ्या.

बदल हाताळायची जागा

सिलेक्टला (एचटीएमएलमधला ड्रॉपडाउन) व्हॅल्यू स्टेटमधून द्यायची आणि ऑनचेंजला हँडलर (निवड बदलली की चालणारं फंक्शन) जोडायचा. हँडलरमध्ये इव्हेंट डॉट टार्गेट डॉट व्हॅल्यू वाचायची. ऑप्शनवर 'सिलेक्टेड' लिहू नका, रिअ‍ॅक्ट त्यावर इशारा देतोच. इतपत सगळीकडे लिहिलेलं सापडतं.

आता पुणे निवडलं, हवेली निवडलं, आणि मग जिल्हा कोल्हापूर केला. हँडलरने फक्त जिल्हा बदलला, तर स्टेटमध्ये तालुका अजून हवेलीच आहे, पण यादी कोल्हापूरच्या बारा तालुक्यांची आली आहे. पडद्यावर काय दिसेल? साध्या जावास्क्रिप्टमध्ये, यादीत नसलेली व्हॅल्यू सिलेक्टला दिली तर खोका कोरा दिसतो. रिअ‍ॅक्ट तसं करत नाही. जुळणारा पर्याय सापडला नाही की तो यादीतला पहिला, डिसेबल नसलेला पर्याय निवडून दाखवतो. म्हणजे 'तालुका निवडा' हा पर्याय तुम्ही डिसेबल केला असेल, तर पडद्यावर 'आजरा' दिसेल. माणसाला वाटतं आजरा निवडलं गेलं. स्टेटमध्ये हवेली आहे. सबमिट केल्यावर सर्व्हरकडे जातं ते कोल्हापूर जिल्हा, हवेली तालुका. ऑनचेंज तर चाललेलाच नसतो, कारण बदल माणसाने केलेला नाही. आणि ज्याला खरंच आजरा हवं आहे तो खोक्याला हातही लावत नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर ते आधीच निवडलेलं आहे. हातही लावला आणि आजराच पुन्हा निवडलं, तरी चेंज इव्हेंट येत नाही, कारण ब्राउझरच्या लेखी काही बदललंच नाही.

उपाय एका ओळीचा आहे. जिल्हा बदलतो त्याच हँडलरमध्ये खालचं पुसून टाका:

सेटफॉर्म(आधीचा => ({ ...आधीचा, जिल्हा: कोड, तालुका: '', गाव: '' }))

तिन्ही गोष्टी एकाच स्टेटमध्ये, एकाच झटक्यात. तालुका रिकामी स्ट्रिंग झाला की 'तालुका निवडा' हा पर्याय त्याच्याशी जुळतो, मग तो डिसेबल असला तरी रिअ‍ॅक्ट तोच दाखवतो. गावाखाली गट नंबरचा रकाना असेल तर तोही याच ओळीत रिकामा करा.

बरीच मुलं हे पुसायचं काम यूजइफेक्टमध्ये टाकतात: जिल्हा बदलला की इफेक्ट चालेल आणि तालुका रिकामा करेल. दिसायला ऐटदार, पण यात दोन खोडी आहेत. इफेक्ट चालतो रेंडर (पडदा नव्याने काढणं) झाल्यावर, म्हणजे मध्ये एक रेंडर कोल्हापूर-हवेली अशा विजोड जोडीने होऊन जातो. ते एक वेळ खपेल. दुसरी खोड मोठी आहे. इफेक्ट कंपोनंट पहिल्यांदा उभा राहतानाही चालतो. जुना रेकॉर्ड दुरुस्तीसाठी उघडला, त्यात पुणे आणि हवेली भरून आलं, आणि कुणी काही बदलायच्या आत इफेक्टने हवेली पुसलं. मग 'पहिल्या वेळी चालू नको' म्हणून रेफमध्ये (एका रेंडरमधून दुसऱ्यात टिकणारी जागा) एक खूण ठेवायची, आणि रिअ‍ॅक्ट १८ पासून डेव्हलपमेंटमध्ये स्ट्रिक्ट मोड (चुका लवकर उघड करायची सोय) इफेक्ट मुद्दाम दोनदा चालवतो, तेव्हा दुसऱ्या फेरीत ती खूण फसते आणि हवेली पुन्हा गायब. आगीतून फुफाट्यात.

इफेक्टला एवढंच कळतं की जिल्हा आता अमुक आहे. तो माणसाने बदलला की रेकॉर्डमधून आला, हे त्याला कळायला मार्ग नाही. हँडलरला ते कळतं, कारण तो चालतोच मुळी माणसाने काहीतरी केल्यावर. म्हणून पुसायचं ते हँडलरमध्ये.

याच कारणासाठी हँडलरच्या आतलं काम वेगळ्या फंक्शनमध्ये काढा, 'जिल्हा बदल' अशा नावाच्या, ज्याला इव्हेंट नाही तर नुसता कोड मिळतो. कधी ना कधी गिऱ्हाईक सांगतंच की पिनकोड टाकला की जिल्हा आपोआप भरू दे. कोडमधून व्हॅल्यू बदलली तर चेंज इव्हेंट येत नाही, त्यामुळे पिनकोडवाल्या भागालाही तेच फंक्शन बोलवावं लागतं. आणि तिथे पिनच्या पहिल्या तीन आकड्यांवर विसंबू नका. ४१६ ने सुरू होणारे पिन कोल्हापुरात आहेत, सांगलीत आहेत आणि सावंतवाडीतही आहेत.

हँडलरमध्ये स्टेट सेट केल्यावर पुढच्याच ओळीत ते वाचलं तर जुनंच मिळतं, हे नव्याने सांगायला नको. नवीन कोड तुमच्या हातात आहे, तोच वापरा.

यादी आणण्याचं काम

महाराष्ट्रात जिल्हे ३६ आणि तालुके साडेतीनशेच्या आसपास. एवढ्यासाठी दर निवडीला सर्व्हरकडे धावायची गरज नाही. सगळे तालुके पानाबरोबरच पाठवा आणि जिल्ह्याच्या कोडवरून गाळून घ्या. ती गाळलेली यादी स्टेटमध्ये ठेवू नका, रेंडर करतानाच काढा. गावं मात्र चाळीस हजारांवर आहेत, ती तालुका निवडल्यावरच आणायची.

गावं आणणं हे इफेक्टचं काम. इथे माझा इफेक्टवर राग नाही. तालुका माणसाने निवडलेला असो की रेकॉर्डमधून आलेला, गावांची यादी दोन्ही वेळा लागतेच. अडचण वेगळी आहे. करवीर निवडलं, विनंती गेली, लगेच मत बदलून पन्हाळा निवडलं, दुसरी विनंती गेली. गावाकडच्या नेटवर दुसरीचं उत्तर आधी आणि पहिलीचं मागून आलं, की तालुका पन्हाळा आणि खाली गावं करवीरची.

इफेक्ट सुरू होताना 'रद्द' नावाचं एक साधं व्हेरिएबल खोटं ठेवा. इफेक्टच्या साफसफाईच्या फंक्शनमध्ये (तालुका बदलून इफेक्ट पुन्हा चालायच्या आधी हे चालतं) ते खरं करा. उत्तर आलं की आधी ते बघा, खरं असेल तर उत्तर सोडून द्या. अबॉर्ट कंट्रोलर वापरून विनंतीच तोडलीत तर आणखी बरं, फक्त तोडल्यावर जी अबॉर्टची एरर येते ती माणसाला दाखवू नका. आणि फेच (सर्व्हरकडून माहिती आणणारं ब्राउझरचं फंक्शन) ४०४ किंवा ५०० आलं तरी एरर देत नाही, 'ओके' तपासावंच लागतं. ते राहिलं तर एररच्या मजकुराला यादी समजून कोड पुढे जातो आणि भलत्याच ओळीवर कोसळतो.

दुसरं, यादीबरोबर ती कुठल्या तालुक्याची हेही ठेवा. यादीचा तालुका आणि फॉर्ममधला तालुका जुळला तरच गावं दाखवा, नाहीतर 'गावं येत आहेत' असं लिहा. यामुळे नवीन यादी येईपर्यंत जुनी दिसत राहण्याची भानगड मिटते. पण 'रद्द'ची खूण म्हणून काढू नका. मागून आलेलं जुनं उत्तर नव्या यादीवर बसलं तर जुळणी कधीच होत नाही आणि 'गावं येत आहेत' कायमचं लटकत राहतं.

'यादी अजून आली नाही' आणि 'यादी आली, पण रिकामी आहे' या दोन वेगळ्या अवस्था आहेत. मुंबई शहर जिल्हा निवडून बघा. त्याला तालुकेच नाहीत. उपनगर जिल्ह्याला कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली असे तीन आहेत, शहराला एकही नाही. तालुका 'आवश्यक' असेल तर मुंबई शहरातल्या माणसाला फॉर्म भरताच येणार नाही. अशा जिल्ह्यासाठी तालुक्याचा खोका दाखवूच नका आणि आवश्यकतेची अटही काढा. सर्व्हरवरचीसुद्धा.

रेकॉर्डमधून आलेली जोडी आजच्या यादीशी जुळत नाही, हेही होतं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या नोंदींमध्ये ठाणे जिल्हा आणि डहाणू तालुका असं आहे. असा रेकॉर्ड उघडला की ठाण्याच्या यादीत डहाणू नसतं आणि रिअ‍ॅक्ट निमूटपणे पहिला पर्याय दाखवतो. रेकॉर्ड भरतानाच तपासा: तालुक्याचा कोड त्या जिल्ह्याच्या यादीत आहे का? नसेल तर तालुका रिकामा करा आणि शेजारी लिहा, 'आधी नोंदलेला तालुका: डहाणू. जिल्हा तपासून पुन्हा निवडा.' आपल्या मनाने पालघर करून टाकायचा मोह होतो, पण नोंद बदलायची तर माणसाने बघून बदलावी.

कीबोर्डवाल्यांचा विचार

कृषी सेवा केंद्रात काउंटरवर बसलेला माणूस माउसला हात लावत नाही. टॅब, खालचा बाण, टॅब, असं त्याचं चालतं. विंडोजवरच्या क्रोममध्ये ड्रॉपडाउन न उघडता खालचा बाण दाबला की दर दाबण्याला निवड बदलते आणि दर वेळी चेंज इव्हेंट येतो. पुण्यावरून रत्नागिरीला जायचं तर बीड, बुलढाणा, भंडारा, मुंबई उपनगर, मुंबई शहर, यवतमाळ आणि मग रत्नागिरी. सात इव्हेंट. तालुके पानाबरोबर आलेले असतील तर काही बिघडत नाही. दर इव्हेंटला सर्व्हरकडे जात असाल तर सात विनंत्या. गावांसाठी म्हणूनच मी विनंतीआधी पाव सेकंद थांबते. टायमर त्याच इफेक्टमध्ये लावायचा आणि साफसफाईत काढायचा.

गिऱ्हाइकांची एक लाडकी मागणी असते, 'जिल्हा निवडला की कर्सर आपोआप तालुक्यावर जाऊ दे.' नाही म्हणा. वरच्या माणसाने पहिला बाण दाबला की बीड निवडलं जाईल आणि कर्सर उडून तालुक्यावर जाईल. रत्नागिरीला तो कधी पोचणारच नाही. निवड बदलताच पान बदलणं, फॉर्म सबमिट होणं, हेही त्यातच आलं. वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांमध्ये ३.२.२ हा निकष याच गोष्टीसाठी आहे, आणि तो 'ए' या पहिल्या पातळीवरचा आहे. मागणी लेखी आली तर उत्तरात हा क्रमांक टाका, चर्चा लवकर संपते.

गावाच्या खोक्यात अक्षर टाइप करून उडी मारायची ब्राउझरची सोय आहे, पण यादी देवनागरीत आणि कीबोर्ड इंग्रजीत असला की ती चालत नाही. काउंटरवाला 'के' दाबतो आणि कागल काही येत नाही. दीड-दोनशे गावांच्या यादीत बाण दाबत बसायला त्याला वेळ नाही. तिथे मी साधा सिलेक्ट सोडून शोधता येणारा खोका घेते आणि प्रत्येक गावाला रोमन स्पेलिंगही जोडून ठेवते, शोध दोन्हीत लागतो. जिल्हा आणि तालुक्याला मात्र साधा सिलेक्टच. मोबाइलवर तो फोनची स्वतःची निवडायची यादी उघडतो आणि अंगठ्याने सरकवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आयफोनवर सिलेक्टचे अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका, नाहीतर खोक्याला हात लावताच पान मोठं होतं.

शोधायच्या खोक्यासाठी लायब्ररी घेतलीत तर तिचा ऑनचेंज नेमकं काय हातात देतो ते आधी बघा. रिअ‍ॅक्ट-सिलेक्ट इव्हेंट देत नाही, निवडलेला पर्याय अख्खा ऑब्जेक्ट म्हणून देतो, आणि फुलीवर क्लिक करून निवड काढली की 'नल' देतो. तिथे थेट डॉट व्हॅल्यू वाचली की पान पडतं. 'जिल्हा बदल'सारखं नुसता कोड घेणारं फंक्शन आधीच केलं असेल, तर इथे फक्त नल आला तर रिकामी स्ट्रिंग एवढंच जुळवायचं राहतं.

तपासताना मी या क्रमाने जाते. पुणे, हवेली, मग कोल्हापूर: तालुका रिकामा दिसला पाहिजे आणि नेटवर्क टॅबमध्ये सबमिटला जाणाऱ्या डेटातही रिकामाच असला पाहिजे. नुसत्या पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही. मग मुंबई शहर. मग जुना ठाणे-डहाणू रेकॉर्ड. मग डेव्हलपर टूल्समध्ये नेट मुद्दाम हळू करून करवीर-पन्हाळा-करवीर असं झपझप बदलायचं. शेवटी माउस बाजूला ठेवून अख्खा फॉर्म विंडोजच्या मशीनवर बाणांनी भरायचा. ऑफिसात सगळ्यांकडे मॅक असतील तर एक जुना विंडोज लॅपटॉप खास यासाठी ठेवा, कारण मॅकवर बाण दाबला की यादी उघडते आणि ही सात इव्हेंटची गंमत तिथे दिसतच नाही.